कारण : किरकोळ बदल

यावर विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही. मी तिथे होतो, इतकेच सांगतो.

रविवार, दुपारचे तीन. चौथ्या मजल्यावरचे रिकामे ऑफिस. आम्ही दोघेच : मी, भाषेचा प्राध्यापक, आणि माझी धाकटी बहीण, तिथलीच प्रोग्रामर.

तिथे रुग्णालयांतल्या सलाइन-पंपांचे सॉफ्टवेअर बनते. त्यात प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी कारण नोंदवावे लागते. त्याला कमिट मेसेज म्हणतात.

उच्चशिक्षित माणसे तिथे काय लिहितात?

‘किरकोळ बदल.’

शेकडो वेळा.

पूर्ण वाक्यात कारण लिहिणारे एकटे विभागप्रमुख. त्यांना सारे ‘मास्तर’ म्हणून हिणवत. पंपाची धोक्याची घंटा उशिरा वाजली आणि एक रुग्ण दगावला. तो बदल सर्वांच्या सामायिक खात्यावरून झालेला. चौकशी समितीने विभागप्रमुख म्हणून मास्तरांवर ठपका ठेवला. आधी नोकरी गेली, महिन्याभरात तेही गेले.

मग कंपनीला जाग आली. रिकाम्या चौकटीऐवजी नेमका प्रश्न विचारायचा, प्रत्येक ओळीशेजारी तिचे कारण दाखवायचे. काम बहिणीकडे आले. प्रश्नाची भाषा ठरवायला तिने मला बोलावले.

“काय बदललं ते विचारू नकोस,” मी म्हणालो. “ते यंत्राला दिसतंच. आधी काय अडत होतं, ते विचार.”

“दादा, लोक तिथेही ‘किरकोळ’च लिहितील.”

“निदान लाज तरी वाटेल.”

“तू ऑफिसात कधी नोकरी केली नाहीस, हे कळतं हं!”

तिने नवी मांडणी सुरू केली.

जुन्या नोंदी उमटल्या... आणि ‘किरकोळ बदल’ कुठेच नव्हते. सगळीकडे पूर्ण वाक्ये. पूर्णविरामासकट.

“तू केलंस हे?” तिने विचारले.

“मला तुमचा पासवर्डही माहीत नाही.”

संगणकाच्या पडद्यावरच्या नोंदी आपोआप सरकू लागल्या... घंटेच्या ओळीपाशी थांबल्या.

‘घंटा सारखी वाजते, अशी परिचारिकांची तक्रार होती. तपासणी न करता वीस सेकंदांचा उशीर घातला. घरी जायची घाई होती.’

बहीण दचकली नाही. फक्त फार थकलेली दिसली.

“माझंच आहे ते, दादा. तुला ठाऊकच आहे.”

तिने चौकटीत स्वतःचे नाव लिहिले. नोंद जतन केली.

खाली आणखी एक ओळ उमटली...

‘रुग्ण दगावला त्या संध्याकाळी तिने भावाला फोन केला. तो म्हणाला, गप्प बस.’

तो फोन आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहीत नव्हता.

तिने चौकशी समितीला सगळे कळवले. नोकरी गेली. आता झोप लागते, म्हणते.

फोनची ती ओळ ऑफिसवाले रोज पुसतात. सकाळी ती परत येते... दर वेळी थोडी लांब. तिथला एक जण बहिणीला फोटो पाठवतो.

“पुढचं वाचून दाखवू, दादा?” ती विचारते.

मी अजून हो म्हटलेले नाही.