फोनवरून लावलेलं दार

साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती. जेवणं झाल्यावर पुतण्याने ती मिस्त्रीकाकांच्या पुढ्यात आणून ठेवली. शेजारी पेचकसही ठेवला, म्हणजे काकांना सबब सांगायला जागा नको.

"दहा मिनिटांचं काम आहे, काका. गॅरेजच्या मोटरला ही जोडायची. मग फोनवरून दार वर, फोनवरून दार खाली."

"आणि हात? ते काय नुसते जेवायला ठेवायचे?"

पुतण्याची बायको, काकांची सूनबाई, फिस्सकन हसली. "त्यासाठीही फोनवर काही निघतंय का, बघतायत ते."

मिस्त्रीकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या गॅरेजांची दारं बसवली होती. त्यांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि होती तिथे ठेवली.

"लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. घर तुमचं आहे. पण आधी एक ऐका. माझ्या ओळखीचा एक चष्मेवाला आहे, त्याच्या घरी घडलेलं आहे हे. निम्मं त्याने मला स्वतः सांगितलं, मान वर न करता. उरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय."

बाहेर अंधार पडून तास झाला होता. सूनबाईने टीव्ही बंद केला, आणि काका सांगू लागले.

चष्मेवाल्याचं दुकान बाजारात, घर नव्या वस्तीत. घरात माणसं दोनच, तो आणि त्याचे म्हातारे वडील. गॅरेज अंगणाच्या टोकाला, घरापासून सुटं, वर पत्रा. या वडिलांची एक रीत होती. गॅरेजचं दार खाली घ्यायच्या आधी त्याच्यावर तीन थापा मारायच्या. मग मोठ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" जरा थांबायचं. मगच आत हात घालून भिंतीवरचं बटण दाबायचं. रोजच्या रोज.

"बाबा, आपण दोघंही बाहेर उभे आहोत. आत उत्तर कोण देणार, गाडी?"

"देईल न देईल. विचारायला काय लागतं?"

शेजारीपाजारी ऐकून हसायचे. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय वडील अलीकडे दार उघडं टाकून विसरायचे. मग एका शनिवारी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि अशीच एक डबी घेऊन आला. दुकानदाराने विचारलं, मिस्त्री पाठवू का? हा म्हणाला, दोन तारा जोडायच्या, त्याला मिस्त्री कशाला? उंटावरचा शहाणा!

मोटरवर दोन खाचा असतात. त्यात भिंतीवरच्या बटणाच्या तारा आधीच बसलेल्या. डबीच्या तारांनाही त्याच खाचा लागतात. आता एका खाचेत दोन तारा खुशाल बसतात, मी हजार वेळा बसवल्यात. त्याला ते माहीत नव्हतं. त्याने बटणाच्या तारा काढून टाकल्या. फोन आल्यावर बटण हवं कोणाला? वीज गेली तर दार मोकळं करायला एक लाल दोरी लोंबत असते, ती गाडीच्या टपाला घासायची. तीही वर गुंडाळून बांधून टाकली.

वडील शिडी धरून उभे होते. "बटण राहू दे रे. मला त्या फोनमधलं काही कळत नाही."

"तुम्हाला कळायची गरजच नाही. मी दुकानातून बघत जाईन."

 म्हातारा शिडी उचलून ठेवून आला.

मग उन्हाळ्यातला एक मंगळवार. दुपारचे एक वाजून वीस मिनिटं. दुकानात गर्दी. चष्मेवाला एका बाईच्या नाकावर चष्मा बसवून बघत होता, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. गॅरेजचं दार उघडं आहे. सकाळी गाडी काढल्यावर लावायचं राहिलं होतं. एका हाताने चष्म्याची काडी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन दाबला. दार बंद झालं. "कानामागे टोचत तर नाही ना?" त्याने बाईंना विचारलं.

"आणि थापा?" सूनबाई मध्येच म्हणाली.

"फोनवर थाप कुठे मारणार, बाळ?"

दार खाली येण्याआधी यंत्र पीं पीं करतं, नाही असं नाही. पण म्हाताऱ्याला ऐकू यायचं कमी, आणि कानातलं यंत्र घरात उशाशी राहिलेलं.

रात्री आठला चष्मेवाला घरी आला. गाडीत बसूनच फोन दाबला. दार वर गेलं. गाडीचे दिवे आत पडले.

वडील दाराच्या अगदी कडेला, भिंतीला टेकून बसले होते. उकडत होतं म्हणून सदरा काढलेला. नीट घडी घालून शेजारी ठेवलेला.

बटणाभोवतीच्या चुन्यावर बोटं उमटली होती. किती वेळा दाबलं असेल…

त्याने काय केलं, ऐका. वडिलांना उचलून घरात नेलं. सदरा घातला. बटणं लावली. पलंगावर निजवलं, वरून पांघरूण घातलं, आणि मग परगावच्या बहिणीला फोन केला. "दुपारी बाबा जेवून झोपले ते उठलेच नाहीत गं." डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं. लोक म्हणाले, असं मरण भाग्यवंताला येतं. हा खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच रात्री त्याने बटणाच्या तारा डबीच्या तारांशेजारीच परत जोडल्या, त्या बसल्याही, चुना पुसला. कोणाला एका शब्दाने कळलं नाही.

चार महिने गेले. थंडी पडली. सोमवारी संध्याकाळी बहीण आली, एका रात्रीपुरती. जेवताना म्हणाली, "दादा, आम्हीही ते फोनवरचं दार करतोय. सासूबाई दिवसभर एकट्या असतात. त्यांना फोन वापरता येत नाही, पण आम्ही बाहेरून उघडबंद करू. तुझ्याकडे आहे म्हणून विचारते. लावू ना?"

याने हातातला घास ताटात ठेवला. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. तो पाणी प्यायला.

"लाव की. सोयीचं असतं."

"बाबांना जमलं होतं का रे?"

"हो."

एवढंच. एक अक्षर. मला सांगताना म्हणाला, मिस्त्री, त्या दुपारपेक्षा मला या 'हो'ची जास्त शरम वाटते. दुपारची चूक होती. हे तर मी जाणूनबुजून केलं, ताट पुढ्यात असताना, तिच्या डोळ्यांत बघून.

रात्री त्याला झोप येईना. सोमवार उलटून मंगळवार लागलेला. उशाशी फोन थरथरला. एक वाजून वीस मिनिटं.

दार उघडं आहे.

त्याने दाबलं. बंद झालं.

फोन पुन्हा थरथरला. दार उघडं आहे.

दाबलं. बंद.

तिसऱ्यांदा…

तो उठला. पायात चपलाही घातल्या नाहीत. अंगणात कडाक्याची थंडी. गॅरेजसमोर जाऊन उभा राहिला. दार पूर्ण खाली होतं. जमिनीला टेकलेलं. हातातला फोन म्हणत होता, उघडं आहे.

वारा नाही. कुत्रं नाही.

आतून थाप आली.

एक…

दोन…

बराच वेळ काही नाही.

तीन.

आता विचारायचं असतं. त्याला माहीत होतं काय विचारायचं ते. तोंड उघडलं. "आत…" पुढे जीभ हलेना. "आत को…"

"कोण आहे रे आत?"

तो गर्रकन वळला. मागे बहीण उभी. अंगावर शाल. तिनेही ऐकलं होतं.

"दादा, कोण आहे आत? बोल ना!"

तो खाली बसला. तिथेच, गार फरशीवर. मग सगळं सांगितलं. तारांचं. दोरीचं. सदऱ्याचं. ती उभ्या उभ्या ऐकत होती. मधे रडली नाही, ओरडली नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"किती वाजता लावलंस?"

"एक वीस."

"आणि घरी?"

"आठला."

 मग ती हळूच म्हणाली, "आणि माझ्या सासूबाईंसाठी मला लाव म्हणालास."

 तिनेच त्याच्या हातातून फोन घेतला. दाबला. दार वर गेलं… आत गाडी. रंगाचे रिकामे डबे. कोणी नाही. पण थंडीच्या त्या रात्री आतून झळ आली. भट्टीचं तोंड उघडावं तशी. भर दुपारची झळ.

बहीण उजाडायच्या आत निघून गेली. तिच्या घरी ती डबी बसली नाही. ती स्वतःही भावाकडे परत आली नाही, आणि त्याने बोलावलंही नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

त्याच दिवशी त्याने मला दुकानातून फोन केला. दार नीट लागत नाही म्हणाला. मी गेलो. डबी काढून त्याच्या हातात दिली. भिंतीवरच्या बटणाने दार खाली घेतलं. ते येतंय, येतंय, आणि जमिनीपासून वीतभर वर थांबलं. मी म्हटलं, स्प्रिंग असेल. बदलली. थांबलं. मोटर बदलली. तिथेच थांबलं. दार सरकतं त्या पट्ट्या तपासल्या, फरशीला पाणसळ लावली. सगळं सरळ. म्हटलं, दारच वाकडं असेल. कारखान्यातून नवंकोरं दार आणलं, मोटर न लावता नुसतं हातांनी खाली ओढलं. मी आणि तो, दोघं मिळून. अंगचा सगळा जोर लावून.

वीतभर राहिलंच. आतल्या माणसाला वारा लागावा, एवढं.