पहिल्या रांगेतलं हसू

"हे कोण हसलं?"

मी दचकून स्पीकर बंद केला. दारात तो उभा होता. अर्ध्या चेहऱ्याला पावडर, अर्धा तसाच कोरा, आणि गळ्यात मेकअपवाल्याचा टॉवेल. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ज्याची लोक घरोघरी वाट बघायचे, ज्याला सगळे लाडाने 'लाडोबा' म्हणायचे, तो चुकून माझ्या साउंडच्या खोलीत शिरला होता.

"मेकअपची खोली पलीकडे आहे," मी म्हणाले.

"ते राहू द्या. आत्ता माझ्या वाक्यावर कोण हसलं? रेकॉर्डिंगला तिथे कुणी हसलं नव्हतं. मला चांगलं आठवतंय, मी घाम पुसला होता."

"बायकांचा घोळका आहे. मधल्या रांगेतला."

"माझ्यावर हसलेला?"

"नाही. एका जादूगाराच्या टोपीतून ससा निघालाच नाही… तेव्हाचा."

तो असा हसला की अर्धी पावडर टॉवेलवर आली.

माझं कामच ते. टीव्हीच्या कार्यक्रमात जिथे हशा कमी पडतो, तिथे मी भर घालते. माझ्याकडे साठाच आहे. पुरुषांचा गडगडाट, मुलींचं खिदळणं, खोकल्यात संपलेलं एखादं म्हातारं हसू. खरं हसू कुठलं आणि बळेच आणलेलं कुठलं, हे मी डोळे मिटून सांगते. बळेच हसणारा वेळेवर थांबतो. खरं हसणाऱ्याला थांबताच येत नाही. या कानाचा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

त्यानंतर मेकअपची खोली त्याला रोजच सापडेनाशी झाली.

"कानसेन, आज किती भेसळ केलीत?"

"दोन चमचे."

"एक दिवस बिनभेसळीचा जाऊ द्या की."

"तुम्ही विनोद बरे करा, मी रजा टाकते."

"मग रजा नकोच. तुम्ही नसलात तर या खोलीत मी येऊ कशाला?"

असं बोलून तो निघून जायचा, आणि मला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायची हुक्की यायची. पण ते कुठे रेकॉर्ड झालेलं असायचं…

एकदा त्याने मला त्याच्या छोट्या प्रयोगाला बोलावलं. टीव्हीवर जाण्याआधी नवा मजकूर तो अशा लहान सभागृहात घासून बघायचा. लोक हसले तर ठेवायचा, नाही हसले तर टाकून द्यायचा. "तिथे तुमचा साठा चालत नाही हं," तो म्हणाला. मी मागच्या खुर्चीत बसले. प्रयोग संपल्यावर तो धापा टाकत आला.

"तुम्ही हसलात."

"तुम्हाला काय माहीत? मी हसले की आवाज होत नाही."

"खांदे हलतात." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मी… खांदेच बघत होतो."

झालं. इतरांच्या हसण्याचा हिशोब ठेवणारी मी, माझ्या हसण्याकडे कुणी बघत असेल हे माझ्या गावीही नव्हतं. पुढे 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. रिमझिम पावसात एका बंद दुकानाच्या छपराखाली तो मला चिकटून उभा राहायचा आणि छत्री मुद्दाम विसरल्याचं शपथेवर नाकारायचा. स्टेजवर अखंड बोलणारा हा माणूस माझ्यासमोर मात्र फक्त ऐकायचा. मी काही सांगायला लागले की हळूच म्हणायचा, "पुढे?" त्या एका शब्दासाठी मी काय काय सांगितलं असेल.

बाबांचंही सांगितलं. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आई असताना ती स्वयंपाकघरात काम करत टीव्ही ऐकायची, म्हणून बाबा आवाज मोठा ठेवायचे. ती जाऊन वर्ष उलटलं, तरी आवाज तेवढाच. "अगं, तुझा लाडोबा आला बघ," बाबा आतल्या दिशेने सांगतात. थोडं थांबतात. मग म्हणतात, "बरं, हातातलं काम होऊ दे, मग सांगतो." आणि खरंच सांगतात, सगळा विनोद, अगदी शेवटपर्यंत. मी दारामागे उभी राहून ऐकते. हे सांगताना मला रडू आवरेना. त्यानेही बाहीने डोळे पुसले. या माणसाच्या ओंजळीत माझं घर सुखरूप राहील, असं मला त्या वेळी वाटलं.

मग त्याचा मोठा कार्यक्रम ठरला. मोठं नाट्यगृह, समोर प्रेक्षक, आणि तेच पुढे टीव्हीवर. आमंत्रण द्यायला तो स्वतः घरी आला. "काका, पहिल्या रांगेत बसायचं. सबब चालणार नाही." बाबांनी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून घेतली. मी पडद्यामागे, साउंडच्या टेबलापाशी.

शेवटाकडे तो आवाज खाली आणून म्हणाला, "आमचे बाबा आई गेल्यावरही तिच्याशी बोलतात. टीव्ही लावतात आणि आत सांगतात, अगं, आला बघ तो!"

मी आवाजाच्या बटणावरचा हात काढून घेतला.

"आम्हाला वाटलं, दुःख आहे. मग लक्षात आलं, दुःख कसलं… सुख आहे. आयुष्यात पहिल्यांदा बाबांची वाक्यं पूर्ण व्हायला लागलीयत!"

नाट्यगृह हशाने दणाणलं. लोक हसता हसता डोळे पुसत होते. विनोद चांगला होता, हेच तर दुखणं होतं. आई खरंच त्यांना एकही वाक्य पुरं करू द्यायची नाही.

"ते आमचं होतं," विंगेत मी त्याला गाठून म्हणाले.

"अगं, पण मी माझे बाबा म्हणून सांगितलं. काकांचं नाव कुठे घेतलं?"

"बाबांना स्वतःचं वाक्य ओळखू येत नसेल?"

"मी प्रेमाने केलं. लोक रडत होते, बघितलंस ना तू?"

"मीही रडले होते. तुझ्याजवळ. ते लोकांसाठी नव्हतं."

तो हळूच म्हणाला, "मला आतून हलवतं, तेवढंच बोलता येतं गं. दुसरं काही येत नाही मला." खोटं बोलत नव्हता तो. खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं.

तो भाग टीव्हीवरून काढा, असं मी निर्मात्याला विनवलं. "कार्यक्रमाचा जीव आहे तो," म्हणून त्यांनी हात झटकले. उलट आवाजाचं काम माझ्याकडेच आलं. हेडफोन लावले, तर पहिल्या रांगेच्या माइकमध्ये बाबा हसताना ऐकू आले. मोठ्याने, आणि मग एकाएकी बंद. वेळेवर थांबलेलं हसू. मी मनाशी म्हटलं, बिचाऱ्यांनी चारचौघांत बळेच हसून वेळ मारून नेली. तेवढं हसू मी पुसून टाकलं. खऱ्या हशाला मी कधी हात लावत नाही, पण हे खरं नव्हतंच, अशी माझी खात्री होती.

कार्यक्रम लागला त्या शनिवारी बाबांनी टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला. आतल्या दिशेने बघितलंही नाही. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, "बाबा, आवाज वाढवू का?" तर म्हणाले, "कशाला? आपण दोघंच तर आहोत."

मी त्याचे फोन घेणं बंद केलं. प्रेम काही बंद झालं नाही. ते का सांगून थांबतं? साउंडच्या खोलीच्या दाराशी पावलं वाजली की काळीज अजून तिकडेच धावायचं.

शेवटी तो घरीच आला, एका दुपारी. चेहरा उतरलेला. सरळ बाबांच्या पाया पडला. "काका, चुकलो. तो भाग मी पुन्हा कधीच करणार नाही. टीव्हीवाल्यांनाही पुढच्या प्रक्षेपणातून काढायला लावलाय." बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "अरे, राग नाही रे माझा. बस. चहा टाकतो."

बाबा आत गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "लग्न करशील माझ्याशी? विनोद नाही हा. तुझ्याशिवाय… मला हशा ऐकूच येत नाही."

माझे डोळे भरून आले. होकार ओठांपर्यंत आला होता, अगदी खरं सांगते. "थांब, बाबांना मदत करते," म्हणून मी आत गेले, ते बाबांना आधी सांगावं म्हणून.

बाबा गॅसपाशी उभे होते. आधण उकळत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाबा, माफ केलंत ना त्याला?"

"त्याला कशाला माफ करायचं? त्याचं काय चुकलं?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी हसलो गं त्या दिवशी. अगदी पोटातून. सगळ्यांच्या आधी मीच. खरंच होतं ना ते, ती कुठे बोलू द्यायची मला… आणि हसता हसता एकदम आठवलं, आपण हिच्यावर हसतोय. चारचौघांत बसून. घशातच अडकलं हसू. आता कोणत्या तोंडाने हाक मारू तिला?"

मी पातेलं खाली उतरवलं. चहा गाळला. कप एकेक करून भरले. बाबांनी आजवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि पुन्हा कधी सांगणारही नव्हते.

कप घेऊन मी बाहेर आले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच उठून उभा राहिला.

"काय झालं? काका काय म्हणाले?"

"काही नाही."

"सांग ना… पुढे?"

"काही नाही," मी पुन्हा म्हणाले, आणि कप त्याच्यासमोर ठेवला. तो उभाच होता. ज्याला सगळं सांगावंसं वाटतं त्याच्याशीच लग्न करावं, असं मला नेहमी वाटत आलंय. आणि याला आता मी काहीच सांगणार नव्हते.

"चहा घे," मी म्हणाले. "आणि मग जा."