ऑब्लिटरेटची तीन उदाहरणं

बाईंचा एकच नियम होता: कोशातलं उदाहरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. शब्द इंग्रजी, अर्थ मराठीत आणि त्याखालचं वाक्य आपल्या आयुष्यातलं. 'घोडा वेगाने धावला' असं कोणी लिहिलं, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुठे पाहिलात घोडा?" त्या मुख्य संपादक, पण आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो आणि शाळेतल्यासारखेच घाबरायचो.

त्या दुपारी बाकीचे सगळे मुद्रितं घेऊन छापखान्यात निघाले होते. माझ्या वाट्याचं अक्षर तेवढं रखडलं होतं.

"ऑब्लिटरेट राहिलंय तुमचं," जाता जाता बाई म्हणाल्या. "पाचच्या आत कार्ड पुरं करा. आणि खाडाखोड नको."

"पाचला मला निघायचंच आहे."

"लेक येणार ना? मग लागा कामाला."

माझी लेक आठ वर्षांची. शाळा सुटली की समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहते आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बोटाने मोजते. एकूण सात, त्यातली पाचवी माझी. सातही मोजून झाल्याशिवाय ती माझ्याकडे बघून हात हलवत नाही. हट्टीपणा बापाचाच. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी तिने माझ्या खिशात चिठ्ठी कोंबली होती: 'बाबा, पाच म्हणजे पाच.'

मी कार्ड पुढे ओढलं. व्युत्पत्ती सोपी होती. लॅटिनमध्ये 'ऑब' म्हणजे वर, 'लिटेरा' म्हणजे अक्षर. 'लिहिलेल्या अक्षरांवर रेघ ओढून ती नाहीशी करणे', मी नीट अक्षरात लिहिलं. इथून निघालेला हा शब्द पुढे गावंच्या गावं नाहीशी करू लागला. शब्दांनाही बाहेरची हवा लागते. अर्थ तीन होते. पहिला, लिखाण पुसून टाकणे. दुसरा वैद्यकातला, शरीरातली नळी किंवा पोकळी बुजून बंद होणे. तिसरा, समूळ नष्ट करणे, मागमूसही न ठेवणे.

उदाहरणांपाशी गाडी अडली. असलं काही मी कुठे पाहणार? घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, यापलीकडे माझी मजल नाही. साडेतीन वाजले होते, जेवण अंगावर आलं होतं आणि बाई नव्हत्या. मी वेळ मारून नेली. पहिल्या अर्थाखाली लिहिलं, 'चिठ्ठीवरची अक्षरं पार पुसली गेली.' दुसऱ्याखाली, 'बघता बघता जिना बुजून गेला.' डॉक्टर नाकं मुरडतील तर मुरडोत. तिसऱ्याखाली गंमत म्हणून स्वतःलाच ओढलं: 'कोशकाराचा मागमूसही उरला नाही.' आणि एकटाच हसलो.

सव्वाचारला खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर चिठ्ठी बाहेर आली. कोरी होती. लेक पेन्सिल इतकी दाबून लिहिते, की कागदाच्या मागे उठतं. मी बोट फिरवून पाहिलं. कागद गुळगुळीत लागला. दुसराच असेल म्हणून चारही खिसे उलटे केले. पण घड्या त्याच होत्या, कोपऱ्यातला जॅमचा डागही तोच होता.

मनात पाल चुकचुकली. बाबा रे, झोप आलीय तुला, असं स्वतःला दटावून मी चहाला जायला उठलो.

दार उघडलं. बाहेर दोन पावलं जागा होती आणि पुढे भिंत. नवी नव्हे, जुनीच, पोपडे सुटलेली, कोपऱ्यात जळमट. जिन्याचा लाकडी कठडा सरळ तिच्यात शिरला होता आणि त्याच्याभोवतीचा गिलावा हात लागून लागून काळवंडला होता. मी मूठ आपटली. आवाज भरीव आला. या इमारतीला दुसरा जिना नाही.

छापखान्यात फोन लावला. तो बाईंनीच उचलला. मागे यंत्रं खडखडत होती.

"बाई, जिना... जिना बंद झालाय."

"कार्ड झालं?"

"झालं. पण मी अडकलोय इथे. पाचला मुलगी येईल."

"उदाहरणं पाहिलेली आहेत ना?"

खरं सांगायची तीच वेळ होती. पण पंधरा वर्षांत बाईंसमोर मी एकदाही खोटा पडलो नव्हतो. लाज वाटली.

"हो," मी म्हणालो.

"दोन पाहून झाली असतील," त्या म्हणाल्या. "तिसरं?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर नुसती शांतता.

पाचला दहा कमी होती. खिडकीची चौकट रंगाने केव्हाची चिकटलेली, ती हलेना. काचेवर पितळी वजन मारलं. ओरखडाही उठला नाही.

मग कार्ड समोर घेतलं. खाडाखोड नको तर नको, बाई गेल्या उडत. 'कोशकाराचा' या शब्दावर जाड, सरळ रेघ ओढली. हायसं वाटलं. आता ते वाक्य कोणाचंच नव्हतं.

नजर कार्डाच्या माथ्याकडे गेली. तिथे माझ्याच नीट अक्षरात होतं: 'लिहिलेल्या अक्षरांवर रेघ ओढून ती नाहीशी करणे.'

पेन हातातून सुटलं.

खाली लेक आली होती. दप्तर दोन पायांत धरून उभी. मी काचेवर दोन्ही हात आपटले, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या.

तिने बोट उचललं.

एक. दोन. तीन. चार.

बोट माझ्यावरून न थांबता पुढे सरकलं.

"पाच," तिचे ओठ हलले. "सहा."

बोट खाली आलं. तिने पुन्हा मोजलं नाही. दप्तर पाठीला लावलं आणि फुटपाथच्या कडेला गेली. मी शिकवलं होतं तसं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. वर पाहिलं नाही.