कोंडवाड्याचं फाटक

पिंडर हे आडनाव आमच्या यॉर्कशरबाहेर फारसं आढळत नाही. भटकी जनावरं गावच्या कोंडवाड्यात घालायची आणि मालक येईपर्यंत राखायची, हे काम ज्याचं, तो पिंडर. पुढे काही घरं हल बंदराकडे गेली, काही कॅनडात. दैनिकाच्या रविवारच्या पानासाठी मला एवढंच लिहायचं होतं. माझी बायको विनी माहेरची पिंडर, म्हणून तिलाही हॉबथॉर्प गावचा जुना कोंडवाडा बघायला नेलं.

कोंडवाडा चर्चच्या मागे होता. छातीएवढ्या दगडी भिंतीचं वर्तुळ, आत खाजरं गवत. ओकचं फाटक दोरीने उघडंच बांधून ठेवलेलं. मी आत फिरून आलो, दोरी सोडली आणि फाटक लावून घेतलं. मी मेंढ्या पाळणाऱ्याचा मुलगा. आमच्याकडे फाटक उघडं टाकणाऱ्या पोराला त्या दिवशी जेवण मिळत नसे.

विनी समोरच्या चहाच्या दुकानात, गावातच राहणाऱ्या तिच्या वॉल्टरकाकाबरोबर बसली होती. भरला कप तसाच ठेवून ती उठली, माझ्या बाजूने पुढे गेली आणि फाटकापाशी उभी राहिली.

"विने, चल. बस चुकेल."

"कशी येऊ? आत जनावर आहे."

आत काहीच नव्हतं.

"काका, तुम्ही तरी सांगा हिला."

काका टोपी घालून तिच्या शेजारी उभा राहिला होता. "फाटक कोणी लावलं?"

"मी."

"पेपरवाल्या, डोकं छापखान्यात विसरून आलास काय? रिकाम्या कोंडवाड्याचं फाटक लावत नाहीत. लावलं की तो रिकामा राहत नाही."

"मग उघडतो."

विनीने माझं मनगट पकडलं. "मालकाशिवाय उघडत नाही, साहेब."

ती मला ओळखत नव्हती.

पाऊस भुरभुरू लागला. हलच्या बसमधून एक बाई उतरली. अंगावर अजून स्वयंपाकाचा एप्रन. ती भिंतीला लागून उभी राहिली. तिच्यामागून एक म्हातारा आला, पायात घरातल्या सपाता.

"सगळे पिंडर," काका म्हणाला. "मागे एकदा फाटक लागलं, तेव्हा माझा बापही असाच आला होता. इथेच गारठून मेला, त्या हिवाळ्यात."

"घरी का नाही नेलंत?"

"मालक आलाच नाही ना."

विनीचे ओठ निळे पडले होते.

"जनावर माझं आहे," मी म्हणालो.

तिने मान वळवली. "खूण?"

तोंडात आली ती बापाच्या मेंढ्यांची खूण. "डावा कान चिरलेला."

तिने फाटक उघडलं.

माझ्या तळहातावर ऊन श्वास आला. मग ओली लोकर. मग कान, मधोमध चिरलेला.

बसमध्ये विनी माझ्या खांद्यावर झोपली. तिला काहीच आठवत नव्हतं.

आमच्या अंगणाचं फाटक मी हल्ली उघडं ठेवतो, वाटलं तर त्या जनावराने जावं म्हणून. रोज सकाळी ते आतून लावलेलं असतं.