निल्दाच्या गाळ्याची भवानी

मुलांनो, डोळे मिटा पाहू. असं समजा, की तुम्ही एका लांबच लांब पत्र्याच्या छपराखाली उभे आहात. बाहेर पेरू देशातले उंच डोंगर आणि आत सिक्वानी गावाचा बाजार. एका अंगाला बटाट्यांचे ढीग... जांभळे, पिवळे, काळे. दुसऱ्या अंगाला चीजचे गोल, पाव, लोकरीचे मोजे. आणि मधल्या बोळात ओल्या पाल्याचा असा वास, की नाक आपोआप पुढे जावं. तो मुन्याचा वास. पुदिन्यासारखाच, पण जरा झोंबणारा. पोट दुखलं की आमच्याकडे त्याचाच काढा देतात.

त्या पाल्याच्या जुड्या बांधत बसलेली, दोन लांब वेण्यांची मुलगी दिसली? ती निल्दा. तिचा स्वतःचा गाळा नव्हता. तिला वाढवणारी तिची मावशी, फोर्तुनाताबाई, तिथेच चीज विकायची आणि तिच्या फळीच्या टोकाला निल्दा बसायची. फळीखाली मावशीची सहा वर्षांची नात योवाना खेळत असायची.

एका सकाळी, अजून कुणाचीच भवानी झाली नव्हती तेव्हा, एक तरुण आला. हातात हत्यारांची पेटी.

"ही जुडी केवढ्याला?"

"एक सोल. भवानी करताय म्हणून वर यापाही देईन." यापा म्हणजे वरची मूठ. ती दिल्याशिवाय आमच्या बाजारात कुणी गिऱ्हाईक हलत नाही.

त्याने जुडी नाकाशी नेली. मग निल्दाकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... मी काय घ्यायला आलो होतो, तेच विसरलो," असं पुटपुटून त्याने जुडी खाली ठेवली आणि चालता झाला.

सगळ्या बोळाच्या माना वळल्या. भवानीच्या वेळी माल हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा? असं सिक्वानीत शत्रूसुद्धा करत नाही!

"मेल्या, हात आहेत की काटे?" मावशी ओरडली.

आणि नेमक्या त्याच दिवशी दहाच्या सुमाराला गारा पडल्या. पत्र्यावर असा कडकडाट, की शेजारचीला हाक ऐकू जाईना. बरोबर निल्दाच्या डोक्यावरचा पत्रा उचकटला आणि बर्फाचं पाणी धो धो तिच्या पाल्यावर आलं. मग काय! संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं... त्या पेटीवाल्या पोराचा हातगुण वाईट.

दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन आला. त्याचं नाव आन्सेल्मो. बिघडलेले तराजू दुरुस्त करायचा. कुणाला न विचारता तो वर चढला आणि खिळे ठोकू लागला.

"खाली उतरा," निल्दा म्हणाली. "छप्पर पडलं तर तेही तुमच्याच नावावर लागेल."

"लागू दे. त्या निमित्ताने नाव तरी कळेल तुम्हाला."

"कळलंय. सगळा बाजार त्याच नावाने बोटं मोडतोय."

"आणि तुम्ही?"

"माझी बोटं जुड्या बांधण्यात अडकलीत," ती म्हणाली. पण जुडी बांधताना दोरा तीनदा सुटला.

त्यानंतर तो रोज यायचा. कोपऱ्यातल्या खांबाशी थांबायचा. निल्दाकडे कुणीतरी पहिली खरेदी केली, की मगच पुढे व्हायचा.

"झाली भवानी?"

"झाली. या आता."

"एक जुडी द्या."

"इतकं पोट दुखतं तुमचं?"

"पोट नाही हो दुखत..." तो म्हणायचा आणि तिथेच थांबायचा. ती यापा घालायची. एक मूठ... आणि कुणी बघत नसलं तर दुसरीही. पावसाळाभर हे चाललं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

पण बाजार विसरला नव्हता. वाईट हाताच्या माणसाकडे तराजू कोण देणार? एकेक बाई शेजारच्या गावाहून दुसऱ्या कारागिराला बोलावू लागली.

तेवढ्यात बाजार समितीकडून निल्दाला स्वतःचा गाळा मिळाला, मावशीच्या अगदी समोर. सहा वर्षं तिने वाट पाहिली होती. नव्या गाळ्याची पहिली भवानी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ती ज्या हाताने होईल, तो हात त्या गाळ्याला जन्मभर लागतो, असं आमच्यात मानतात.

"पाववाल्या हर्मेलिंदाबाईंना सांगून ठेवलंय," मावशी म्हणाली. "सोन्याचा हात आहे त्यांचा. आणि तो तराजूवाला त्या दिवशी या बोळात दिसता कामा नये. दिसला, तर मी तुझी मावशी नाही."

निल्दाने हे आन्सेल्मोला सांगितलं. तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"बरोबर बोलल्या त्या. तसाही मी शनिवारी सकाळच्या गाडीने पुनोला, मोठ्या शहरात, चाललोय. महिनाभर एक तराजू आला नाही माझ्याकडे."

"शनिवारीच माझा गाळा उघडतोय."

"माहीत आहे. लांबून बघेन... आणि जाईन."

शनिवार उजाडला. गाळ्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या लागल्या, फळीवर पिवळ्या पाकळ्या उधळल्या. बोळात बायकांची दाटी झाली. खांबाशी आन्सेल्मो उभा होता. पेटी एका हातात, बोचकं दुसऱ्या.

हर्मेलिंदाबाई रिकामी टोपली घेऊन ऐटीत आल्या. "दे गं पोरी, पहिली जुडी."

निल्दाचा हात जुडीकडे गेला... आणि थांबला.

"बाई, रागावू नका. तुम्ही दुसऱ्या."

"काय?"

"आन्सेल्मो!" निल्दाने हाक मारली. "इकडे ये. भवानी कर."

मावशी ताडकन उठली. आन्सेल्मो पेटी-बोचकं खाली टेकवून जवळ आला, पण हात मागेच ठेवून.

"निल्दा, नको. उद्या तुझी एक जुडी जरी कुजली, तरी लोक—"

"कुजली तर दोघं मिळून फेकू."

"तुझं जन्माचं नुकसान होईल गं."

"तू पुनोला गेलास तर होईल. खरं सांग, त्या दिवशी काय घ्यायला आला होतास?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मुन्याच घ्यायला आलो होतो. विसरलो काहीच नव्हतो. तू वर पाहिलंस आणि... दुसरं काही सुचलंच नाही."

"मग आता सुचू दे."

त्याने जुडी उचलली आणि नाणं दिलं. निल्दाने ते नाणं हातात धरून क्रूसाची खूण केली, कपाळाला लावलं, मग एकेका जुडीवरून फिरवलं. वर यापाची मूठ घातली. भवानी झाली.

आता दुसरं गिऱ्हाईक यायला हवं होतं.

कुणी आलं नाही. हर्मेलिंदाबाई पाठ फिरवून निघून गेल्या. मावशीने चीजवरचं फडकं उगाच झटकलं आणि मान वळवली. टोपल्या घेऊन आलेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढे येईनात आणि जाईनातही. बाहेर पुनोच्या गाडीने भोंगा दिला. एकदा... दोनदा.

"मी म्हटलं होतं ना," आन्सेल्मो हळूच म्हणाला.

"गप्प बस. आणि हात सोडू नकोस," निल्दा म्हणाली. तिने फळीवरून त्याचा हात घट्ट धरला होता.

गाडी गेली. तरी बोळ हलेना.

तेव्हा समोरच्या फळीखालून योवाना बाहेर आली. फ्रॉक झटकला.

"योवाना! कुठे चाललीस? मागे फिर!" आजी ओरडली.

योवाना फिरली नाही. सगळ्यांच्या मधून चालत ती निल्दाच्या गाळ्याशी आली, टाचा उंचावल्या आणि सकाळी जेलीसाठी मिळालेलं नाणं फळीवर ठेवलं.

"एक जुडी. आणि यापा नीट घाल हं निल्दामावशी, मी लहान आहे म्हणून फसवू नकोस."

मग ती जुडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ती बोळाच्या मधोमध उभी राहिली, आणि थेट आजीच्या आवाजात ओरडली, "या बायांनो, या! ताजा पाला! रांग माझ्या मागे लावा... आणि आजी, तू पहिली!"