पोचवायला कोण येतं?

टीव्हीखालचा काळा डबा सहा मिनिटं दहा सेकंदांवर अडकायचा. पाच नाही, सात नाही, बरोबर सहा-दहा. मितेश घरतला राग यायचा तो याचाच. बिघाड कसा, आज इथे तर उद्या तिथे असावा. असा शिस्तीत वागणारा बिघाड त्याने द्रोणागिरीच्या गोदामातल्या बारा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि तिथला एकेक कॉम्प्युटर म्हणजे नमुनाच होता.

डबा त्याने स्वतः जुळवला होता. ऑफिसातून मोडीत निघालेला छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स, त्यावर सिनेमे-गाणी लावायचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि पनवेलहून आणलेली मोठी डिस्क. कामोठ्याच्या जुन्या गावठाणातल्या त्यांच्या घरात सगळं त्यावरच चालायचं. बाबांना, म्हणजे काळूरामना, रिमोटचं एकच बटण यायचं, मधलं. "पडद्यावर काय पण विचारू दे, तुम्ही मधलं दाबा," असं मितेशने त्यांना पढवून ठेवलं होतं.

अडकणारी फाईल आईची होती.

आई, सोनाबाई, धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला तिला कामोठ्यापासून उरणपर्यंत बोलावणं असायचं. गाता गाता ती विचारणार, "हळद कुणाच्या नावाची गो?" घरच्या बायका नवऱ्या मुलाचं नाव सांगणार आणि तेच नाव सुरात घेऊन ती पुढची ओळ उचलणार. लग्न लागलं की शेवटी विचारायची, "पोचवायला कोण येतं?" मग लग्नघराने आपल्या एका माणसाचं नाव सांगायचं आणि त्या माणसाने नारळ घेऊन तिला तिच्या दारापर्यंत सोडायचं. धवलारणीला एकटी धाडायची नाही, हा नेम. तो माणूस नेहमी लग्नघरचा. काळूराम आपले ओट्यावर बसून बायकोची वाट बघायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मितेशने डब्याला माइक जोडला आणि आईला समोर बसवलं. ती तयारच होईना.

"लगीन नाय, नवरा नाय. रिकामा धवला गायाचा नसतो रं."

"अगं, प्रांजलच्या लग्नाचा समज. नवऱ्याच्या नावाची जागा सोड."

प्रांजल त्याची धाकटी बहीण. तिचं तेव्हा कशातच काही नव्हतं. आईने पोराच्या हट्टापायी गायलं. नावाच्या जागी दोन श्वास गप्प राहिली आणि पुढे गेली. पोचवण्याची ओळ तिने घेतलीच नाही. "माज्याच घरात बसलेय मी, कोण कुठं पोचवल?" म्हणून हसली. रेकॉर्डिंग भरलं एकेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद.

गेल्या भाद्रपदात ती गेली. मितेशला रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. तो जेवायचा, कामाला जायचा, परत यायचा. दाताला भूल दिल्यावर गाल जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसे त्याचे आठ महिने गेले होते.

मधेच प्रांजलचं प्रणितशी जमलं. लग्न दहा दिवसांवर आलं, आणि पोरीचं मागणं एकच. "दादा, हळदीला आईचाच धवला लागला पाहिजे. दुसरी धवलारीण आणलीस तर मी हळद लावूनच घेणार नाही."

म्हणून रविवारी भर दुपारी मितेश डबा उघडून बसला होता. डिस्क तपासली, ठणठणीत. केबल बदलली, सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं. तीच फाईल लॅपटॉपवर घेऊन वाजवली, तर आई दोन श्वास थांबून सरळ पुढे गेली. डब्यावर मात्र सहा-दहा. सगळ्या हालचालींची नोंद ठेवणारा लॉग त्याने ओळ न् ओळ वाचला. त्यात चूक नव्हतीच. लॉगच्या म्हणण्याप्रमाणे फाईल व्यवस्थित चालू होती.

त्याने स्पीकरला कान लावला. आत बारीक कटकट येत होती. हॉलमधल्या जुन्या पंख्याची. तो पंखा त्यांनी कधीच भंगारात घातला होता. रेकॉर्डिंगमध्ये पंखा असणारच, ते ठीक. पण दोन श्वासांच्या जागेत तो सात मिनिटं फिरत होता.

"नाव मागते ती," खुर्चीतून बाबा म्हणाले.

"बाबा, मशीन आहे ते."

"मशीन आसल. मशीनला नाव सांगाया काय जातंय?" आणि हळदीतल्या बायका सांगतात तसं त्यांनी सहज सांगून टाकलं, "प्रणित."

माइक दोन वर्षं कपाटात पडून होता.

"प्रणित," आई सुरात म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.

प्रणितचं स्थळ आलं तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. मितेशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. आतून प्रांजल धावत आली आणि टीव्हीसमोर फतकल मारून ढसाढसा रडली. तिला वाटलं, भावाने काहीतरी करामत करून नाव आत बसवलंय. "दादा, किती रे केलंस माझ्यासाठी," म्हणाली. मितेशने तिला तसंच समजू दिलं.

डोळे पुसत ती आत गेली. धवला चालत राहिला. एकेचाळीस-पन्नासला तो संपायला हवा होता. संपला नाही.

"लगीन लागलं, दिवा निवला, धवलारीण निघाली गो. पोचवायला कोण येतं?"

मग पंख्याची कटकट.

आठ महिन्यांत पहिल्यांदा मितेशला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. बाबांनी तोंड उघडलेलं त्याने पाहिलं आणि डब्याची वायर उपटली.

"वायर कशाला खेचलीस?" बाबा म्हणाले. "बाई दारात उभी हाय."

त्यानंतर मितेशने ठरवलं. पोरीच्या हळदीला आई हवी. बाबाही हवेत. दोन्ही जमवायचं. एकेचाळीस मिनिटं झाली की वाजणं आपोआप थांबेल, अशी छोटी सूचना त्याने डब्यात लिहिली. दहा वेळा चालवून पाहिली. दहाही वेळा थांबली.

हळद चार वाजता लागली. अंगणात मांडव, बाहेर बेंजोवाले ताटकळलेले. टीव्ही ओट्यावर आणला होता. सहा-दहाला आईने विचारलं आणि बायकांनी एका दमात "प्रणित!" म्हणून गलका केला. आईने नाव उचललं. मितेशची बायको भावना तोंडाला पदर लावून रडत होती. प्रांजल हळदीने पिवळी होऊन हसत होती. एकेचाळीसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, बेंजो सुरू झाला. मितेशने त्या गर्दीत बाबांना शोधलं. ते खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघत होते.

निभलं, असं त्याला वाटलं.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी, पनवेलच्या हॉलवर. सकाळी नऊला घरात एकच धांदल. डबा आत ठेवायला म्हणून मितेश आला, तर टीव्ही चालू. पडद्यावर फायलींची यादी. आईच्या फाईलपुढे बरोबरची खूण.

ही खूण कधी येते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फाईल शेवटापर्यंत वाजली की.

सूचना फक्त हळदीपुरती होती. डबा बंद केला तशी तीही संपली. आणि अर्धवट थांबवलेली फाईल पुन्हा लावली की हे सॉफ्टवेअर विचारतं, थांबलं होतं तिथून पुढे लावू? मधलं बटण म्हणजे हो.

त्याने आवाज बारीक केला आणि शेवटची दोन मिनिटं लावली.

"पोचवायला कोण येतं?"

पंखा फिरत राहिला. कुणीतरी खाकरलं.

"काळूराम," आई म्हणाली.

जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव सांगायलासुद्धा ती शेजारणीला हाक मारायची. आता घेतलं, सावकाश, सुरात. मग पंख्याची कटकटही थांबली.

मितेश बाहेर आला. बाबा फेटा बांधून ओट्यावर बसले होते. मांडीवर नारळ.

"बाबा, काय केलंत?"

"मदलं बटण दाबलं. तूच शिकवलंस."

"बाबा..."

"गडबड नाय रं. पोरीचं लगीन लागू दे निवांत. लगीन लागल्याबिगर धवलारीण निघत नसते."

दारातून भावनाने हाक मारली. "अहो, गाडी आली. आणि बाबांना सांगा ना, जुन्या चपला काढून नव्या घाला म्हणावं. म्हणतायत, लांब चालायचंय, नव्या चावतील."