त्या कॅसेटचं एकच गिऱ्हाईक

"'बंद दाराचा बदला' आहे का तुमच्याकडे?"

शिडीवर चढून वरच्या फळ्या पुसणारी ती थबकली. मामांच्या व्हिडिओ लायब्ररीत ती बसायला लागल्यापासून ही कॅसेट कुणी मागितली नव्हती. तिनं खाली पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. छत्रीचं पाणी दुकानात गळू नये म्हणून त्यानं ती बाहेर धरली होती आणि स्वतः आत वाकला होता. त्यामुळे छत्री असून निम्मा भिजत होता.

"आहे. पण नक्की तीच हवी?"

"का, वाईट आहे?"

"काय माहीत. तक्रार करण्यापुरतीसुद्धा कुणी नेलेली नाही."

तो हसला. उतरताना तिची एक पायरी चुकली.

कॅसेट खिडकीजवळच्या खालच्या फळीवर होती. एका गाजलेल्या सिनेमाबरोबर घाऊक विक्रेत्यानं ती फुकट गळ्यात मारली होती. ऊन लागून लागून वेष्टनावरचा नायक निळा पडला होता. दिवसा चाव्या बनवणारा हा माणूस रात्री गुंडांची कुलपं उघडतो आणि त्यांना त्यांच्याच घरात बदडून काढतो, असं मागं छापलं होतं.

दोन दिवसांनी कॅसेट परत आली ती अर्धवट गुंडाळलेली.

"पाटी वाचता येते ना?" तिनं भिंतीकडे बोट केलं. कॅसेट रिवाइंड करूनच परत द्यावी, असं मामांनी तांबड्या अक्षरात लिहिलं होतं.

"अहो, आमचा व्हीसीआर एका ठिकाणी अडकतो. मार खाऊन हिरो त्याच्या आवडत्या नर्सच्या दाराशी येतो, दार वाजवायला हात वर करतो... आणि बंद. ना पुढं, ना मागं." तो काउंटरवर थोडा वाकला. "ती दार उघडते का हो?"

"मी कशाला सांगू?"

"म्हणजे पाहिलाय तुम्ही."

"नाही. पण आता बघणार."

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं दुकानातल्या टीव्हीवर सिनेमा लावला. मारामाऱ्या यथातथाच होत्या. एका गुंडाची मिशी तर मार खाताना सुटून लोंबत होती. पण तो प्रसंग आला आणि तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. कुठलंही कुलूप उघडणारा तो माणूस या दाराशी मात्र खिशातली चावी काढत नाही. दार वाजवतो आणि वाट बघतो. आतून आवाज येतो, "ढकला की. कडी लावलेलीच नव्हती."

तिनं तेवढंच मागं नेऊन पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

"मारामारी बघून गाल लाल होतात का गं कुणाचे?" मामांनी कपामागून विचारलं.

तो पुन्हा आला. तीच कॅसेट घेऊन गेला आणि त्याच जागी अडकलेली घेऊन आला. पुढंही तेच. मामांनी त्याचं नावच 'बदला' ठेवलं. तो कोपऱ्यावर दिसला की ते पेपर आडवा धरून म्हणत, "बबडे, तुझा बदला येतोय."

"आज तरी सांगा," तो म्हणे. "उघडते का?"

"व्हीसीआर दुरुस्त करून घ्या आणि बघा."

"एवढा का राग त्या बिचाऱ्यावर? रक्त गळतंय त्याच्या हातातून."

"गळू दे. चाव्या करताना लक्ष द्यावं माणसानं."

तो हसत जाई आणि ती पुढचा तासभर चुकीच्या कॅसेट चुकीच्या वेष्टनात घाली. शेवट सांगायला तिचं काय जात होतं? पण शेवट कळला की त्याला यायला कारण उरणार नव्हतं. म्हणून ती तोंड मिटून होती.

मग एके दिवशी फळीवर तेवढी जागा रिकामी दिसली.

"मामा, ती कॅसेट?"

"शूटिंगवाल्याला दिली. उद्या लग्न आहे म्हणाला, वरून रेकॉर्ड करायला जुन्या हव्या होत्या त्याला."

"त्या कॅसेटला गिऱ्हाईक आहे मामा."

"एकच तर आहे."

"एकच असलं म्हणून काय झालं?"

मामांनी पेपर खाली ठेवला. भाचीकडे जरा वेळ पाहिलं. मग चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

"तुझ्या मामीच्या घरी मी छत्री विसरायचो," ते म्हणाले. "भर उन्हाळ्यातसुद्धा. शेवटपर्यंत चिडवायची मला त्यावरून." चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "बघतेस काय? पळ. दुकान मी सांभाळतो."

शूटिंगवाला डोक्याला हात लावून बसला होता. "ताई, कसली कॅसेट दिली मामांनी. घालून बघितली आणि मशीनच बंद पडलं. ती आत तशीच आहे. चौकापलीकडे मेकॅनिककडे टाकलंय."

ती चौक ओलांडून धावली. मेकॅनिकचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. जळक्या सोल्डरचा वास, बाटल्यांच्या झाकणांत ठेवलेले स्क्रू, भिंतीला लागून व्हीसीआरची रांग. टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं आणि शेजारच्या टीव्हीवर नर्सचं दार दिसत होतं. पाठमोरा बसलेला मेकॅनिक पुटपुटला, "ढकला की. कडी लावलेलीच नव्हती." त्याच्यानंतर क्षणभरानं नर्सनं तेच म्हटलं.

ती पाठ ती ओळखत होती.

"तुमच्या घरचा व्हीसीआर कसा आहे?" तिनं दारातून विचारलं.

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "बरा... बरा आहे आता."

"कुणी दुरुस्त केला?"

तो उभा राहिला. कान लाल झाले होते. "बिघडलाच नव्हता."

"म्हणजे तुम्ही रोज येऊन मला —"

"रोज नाही. आठवड्यातनं दोनदा."

तिला हसू येत होतं, पण ते तिनं दाबलं. "आणि पहिल्या दिवशी? तेव्हा का मागितली ही?"

"बाहेरून काचेतून तुम्ही शिडीवर दिसलात. आत यायचं तर काहीतरी मागायला हवं होतं. खिडकीतून तेवढं एकच नाव वाचता आलं." त्यानं हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले. "शेवट पाहिला म्हटलं असतं तर दुसरी कॅसेट मागावी लागली असती. बाकीच्या सगळ्या तुमच्या मामांच्या बाजूला आहेत, त्या तेच काढून देतात."

"मीही शेवट सांगत नव्हते," ती हळूच म्हणाली. "तुमचं येणं थांबेल म्हणून."

टीव्हीवर पुन्हा मारामारी सुरू झाली होती. दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही. त्यानं हात अर्धवट वर नेला... आणि तसाच राहिला. अगदी त्या निळ्या नायकासारखा.

"मला एक विचारायचं होतं. म्हणजे... खूप दिवसांपासून."

"मग ढकला की," ती म्हणाली. "कडी लावलेलीच नव्हती."

शूटिंगवाल्याला मशीन वेळेवर मिळालं, कॅसेट मात्र मिळाली नाही. पुढं या दोघांचंही लग्न त्यानंच टिपलं. त्यासाठी मामांनी कोरी कॅसेट स्वतः आणून दिली आणि रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत त्याच्या शेजारून हलले नाहीत.

'बंद दाराचा बदला' आता त्यांच्या घरी असते, त्या दाराशीच थांबवलेली. रिवाइंड कुणी करत नाही. पाटीवरचा नियम या एका कॅसेटला लागू नाही, हे मामांनीच जाहीर केलं आहे.